नव्या घशाला जुनी पट्टी

मी, नोला मार्गरेट डायरीन, वय चौऱ्याहत्तर, दिवंगत एरिक डायरीन यांची पत्नी, राहणार डोव्हर, टास्मानिया, माझ्या माघारी माझ्या चीजवस्तूंचे काय करावे हे या कागदावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. घसाही ठिकाणावर आहे, पण त्याबद्दल कोणी दाखला देत नाही, म्हणून ते मीच लिहिते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. मुलगी जॅनीन होबार्टला तिच्या घरी आहे आणि मी आज काय लिहिते आहे हे तिला ठाऊक नाही.

माझ्या वकीलबाई श्रीमती प्रिस्टली यांनी सांगितले की मृत्युपत्रात हकिकत लिहायची नसते. लिहू नये असा कायदा आहे का, असे मी विचारले. नाही म्हणाल्या. तेव्हा लिहिते.

कलम १. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. ते २०१८ साली घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात लिहिले होते आणि रागाच्या भरात लिहिले होते. त्यात माझा रेडिओ सेट भंगारात द्यावा, एरियलचा खांब पाडून टाकावा आणि माझ्या अंत्यविधीला कोणीही भाषण करू नये, अशा तीन आज्ञा होत्या. तिसरीचे कारण तिथे लिहिले नव्हते, ते आता सांगते. स्वरयंत्राचा अर्धा भाग काढणार म्हणून सांगितले होते. मला बोलता येणार नसेल तर बाकीच्यांनी तरी का बोलावे, असे मला वाटत होते. गेल्या महिन्यात होबार्टच्या मोठ्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिले आणि म्हणाले, "मिसेस डायरीन, आता मला भेटायला येऊ नका. वाटेत दिसलात तर हात करा." मी गाडीत जाऊन बसले आणि बराच वेळ किल्ली फिरवलीच नाही. मग वाटेत जिलेटो आइस्क्रीम खाल्ले, थंडगार, घशाला कसलीही भीती न बाळगता, आणि घरी येऊन कोरा कागद काढला.

कलम २. डोव्हरचे घर, त्याखालची जमीन, मागची शेड आणि एरियलचा खांब मी माझी मुलगी जॅनीन हिला देते. तिने ते विकावे की ठेवावे हा तिचा प्रश्न. मात्र हे घर एकदा जवळजवळ विकले गेले होते आणि ते का राहिले, हे ते मिळणाऱ्या माणसाला ठाऊक असावे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रोज सकाळी हवामानाच्या बातम्या झाल्या की मी रेडिओवर हजेरी घेत असे. एरिक होता तेव्हाच सुरू केली. एकटे राहणारे लोक, किनाऱ्यावरच्या झोपड्यांत हिवाळा काढणारे, शिडाच्या होड्यांवरचे, कॅराव्हॅन घेऊन भटकणारे म्हातारे नवराबायको, अशा सगळ्यांची नावे घ्यायची, वारा कसा आहे, रात्र कशी गेली, हे विचारायचे. दोनदा हाक मारून कोणी ओ दिली नाही तर त्याच्या शेजाऱ्याला किंवा पोलिसांना फोन करायचा. हे काम मला कोणी नेमून दिले नव्हते. माझे वडील दीपगृहावर होते. तिथे सकाळच्या रेडिओवर आईने उत्तर दिले नाही तर दुसऱ्या दिवशी होडी निघत असे. ते मी लहानपणी पाहिले आहे.

ऑपरेशनपूर्वीचा माझा आवाज किटलीच्या शिटीसारखा होता. एरिक म्हणायचा, तू बोललीस की कुत्री उठून बसतात. ऑपरेशननंतर उरला तो आवाज खडीवरून होडी ओढावी तसा. होबार्टच्या वाचा-शिक्षिकेने मला पुन्हा बोलायला शिकवले. पुढे दुकानात लोकांना मी कळू लागले, विशेषतः माझ्या तोंडाकडे पाहत असले तर. तेवढा धीर आल्यावर मी एका सकाळी सेट चालू केला आणि हजेरीत माझे नाव सांगितले.

काही वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग ऑब्री पिअर्सचा आवाज आला. ऑब्री इथलाच, दोन गल्ल्या सोडून राहतो; मी इस्पितळात असताना हजेरी त्याने सांभाळली होती. तो म्हणाला, "नोला, छान ऐकू येतेस गं. एकदम स्पष्ट. पण तू दमशील. हजेरी मीच घेतो, तू नुसती ऐक."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. सबंध हिवाळा तो मला स्पष्ट येतेस म्हणत राहिला आणि बाकीचेही त्याच्या मागोमाग तसेच म्हणत राहिले. संशय मला हळूहळू येऊ लागला. एके दिवशी मी पोर्ट डेव्हीला वारा वाढलाय का, असे विचारले, तर उत्तर आले, "धन्यवाद नोला, तुलाही तसंच." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम म्हणाले की माझ्या कोंबडीने पोस्टमनला गिळले. ऑब्री म्हणाला, "हो ना, थंडीच तशी पडलीय."

तेव्हापासून मी फक्त ऐकू लागले. आणि जी बाई हाक मारू शकत नाही तिने समुद्राकाठी एकटीने राहू नये, हे जॅनीनचे म्हणणे मला पटू लागले. तिने होबार्टला एक खोली पाहिली, खाली नर्स, वर जायला लिफ्ट. घराला सिडनीचे गिऱ्हाईक आले. खांब पाडायला माणूस ठरला. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवत गेले, कारण मान हलवलेली तरी सगळ्यांना कळत होती.

शेवटचा निरोप घ्यावा म्हणून मी एकदा माइकचे बटण दाबले आणि दोन वाक्ये बोलले. त्यावर कॅराव्हॅनमधला कोणी नवखा माणूस, ज्याला मी माहीत नव्हते, म्हणाला, "ऑब्री, या फ्रिक्वेन्सीवर कोणीतरी ट्रॅक्टर सुरू करून बसलंय का?"

मग उत्तरेकडून, फ्लिंडर्स बेटावरून, एक आवाज आला. तो आवाज कितीतरी वर्षे माझे नाव घेत नव्हता. "तो ट्रॅक्टर नाही. ती नोला डायरीन आहे. नोला, सेट बंद कर आणि फोन उचल."

कलम ३. मर्व्ह टॅटनेल, राहणार व्हाइटमार्क, फ्लिंडर्स बेट, याच्याशी माझा असलेला रुसवा मी या मृत्युपत्राद्वारे कायमचा मिटवते. तो माझ्या वारसांकडे जाणार नाही. त्याचे कारण असे, की हा सेट नवा घेतला तेव्हा मर्व्हने भर हजेरीत, सगळे ऐकत असताना, "नोला, तू पाण्याच्या टाकीत बसून बोलतेस का?" असे विचारले होते. आवाजाची शिटी लपावी म्हणून मी माइकचा खर्ज पार वर चढवला होता आणि वरचे स्वर खाली आणले होते. बोलला ते खोटे नव्हते. पण चारचौघांत बोलला. त्यानंतर तो हजेरीत आला की मी त्याचे नाव सर्वांत शेवटी घेई, आणि उत्तर ऐकले न ऐकलेसे करी. दर वर्षी तो खारवलेल्या मटनबर्ड पक्ष्यांची बादली पाठवायचा, ती थांबली. एरिकला त्याचे फार वाईट वाटे. पक्ष्यांचे जास्त, भांडणाचे कमी.

तर मी फोन उचलला. नमस्कार-चमत्कार काही नाही. मर्व्ह म्हणाला, "बोल काहीतरी."

मी म्हणाले, "काय बोलू? तुझ्याशी बोलायचंच नव्हतं मला."

"कळलं."

"कळायलाच पाहिजे."

"तसं नाही गं, शब्द कळले मला. एकूण एक. टेलिफोनवर तू मला कळतेस, नोला. मग रेडिओवर का कळत नाहीस? दोष घशाचा असता तर आत्ताही कळली नसतीस. तुझा सेट अजून जुन्या आवाजाला लावलेला आहे."

डॉक्टर, वाचा-शिक्षिका, मुलगी, सगळ्यांनी मला माझ्या घशाबद्दलच सांगितले होते, तेही मायेने. तीन बटणे उलटी आहेत असे कोणाच्याच मनात आले नव्हते. माझ्याही नाही. खर्ज चढवलेला, वरचे स्वर उतरवलेले, हे सगळे किटलीसाठी होते. किटली गेली, खडी आली, आणि तिच्यावरही मी खर्जाची रास ओतत होते. शब्दांची टोके, ते क, त, स, ज्यांवरून अर्थ कळतो, ती सगळी वर असतात आणि नेमकी तीच मी दाबून ठेवली होती.

हजेरी संपून सगळे निघून गेले की आम्ही त्याच फ्रिक्वेन्सीवर बसू लागलो. मी बटण फिरवायचे, बोलायचे. त्याने ऐकायचे, टेप करायचे आणि फोनवरून मला ऐकवायचे. वाचायला हाताशी काही नव्हते म्हणून मी सफरचंदांची नावे म्हणू लागले. लग्नापूर्वी सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला होते, ती नावे मला झोपेतही येतात. स्टर्मर, क्रॉफ्टन, क्लिओपात्रा, डेमोक्रॅट. पहिल्या दिवशी मर्व्ह म्हणाला, "चार वेळा जहाजाचा भोंगा वाजला."

खर्ज अगदी तळाला नेला. भोंगा गेला, पण आवाज पातळ कागदासारखा झाला. थोडा परत घेतला. वरचे स्वर चढवले, तर शब्द आले आणि त्यांच्याबरोबर माझा श्वासही आला, फुसफुस, फुसफुस. मर्व्ह म्हणाला, "आता शब्द आहेत, पण सायकलच्या ट्यूबमधून येताहेत." मग त्याला सुचले की माइक तोंडासमोर नको, ओठांच्या कडेला धर, म्हणजे वारा बाजूने जाईल. आवाज फुगवून पाठवणारे आणखी एक बटण असते. ते मी दूरवर पोचावे म्हणून नेहमी भरपूर ठेवी. ते दोन शब्दांमधला श्वासही फुगवत होते. ते बंद केले.

हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात आम्ही खूप भांडलो. मी एकदा हेडफोन काढून टेबलावर आपटले आणि त्याला म्हणाले की माझा घसा आहे, सुतारकाम नाही. तो म्हणाला, "मग रड आधी, मी चहा ठेवतो. झालं की ओरड." मी रडले. तो चहा पिऊन परत आला आणि म्हणाला, "सतरा म्हण. आता सत्तर म्हण." मी म्हटले. "उलटसुलट म्हण, मला न सांगता." मी म्हटले. त्याने प्रत्येक वेळी बरोबर ओळखले. कोणाच्या होडीत पाणी शिरत असेल तर सतरा की सत्तर यावर सगळे अवलंबून असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

जॅनीन त्याच सुमारास खोकी भरायला आली होती. ती स्वयंपाकघरात कपबश्या कागदात गुंडाळत होती. मी हजेरीत शिरले आणि म्हणाले, "ऑब्री, आज नावं मी घेते." मग ऑब्री म्हणाला, "नोला, आज खरंच कळलं." त्या 'आज खरंच'वर त्याचे त्यालाच आपण काय बोललो ते उमगले असावे, कारण तो एकदम थांबला. मी वाट पाहिली नाही. पहिले नाव घेतले, उत्तर आले. दुसरे घेतले, उत्तर आले. ट्रॅक्टरवाल्या माणसाचेही नाव विचारून यादीत घातले.

मागे वळले तर जॅनीन दारात उभी होती, हातात अर्धी गुंडाळलेली बशी.

"आई, मला वाटलं तू बोलणंच सोडून दिलंस. म्हणून मी ती खोली बघितली."

मी म्हणाले, "मलाही तसंच वाटलं होतं. बशा परत मांड."

तिने मांडल्या. मांडताना ती हुंदके देत होती आणि तिला वाटत होते की मला ऐकू येत नाही. सिडनीच्या गिऱ्हाइकाला तिनेच फोन केला. खांब पाडायला आलेल्या माणसाला मी शिंपल्यांचे सारण भरलेली पेस्ट्री खाऊ घातली आणि शिडी न उघडता परत पाठवले. त्या वर्षी फ्लिंडर्सहून बादली आली. बंदरावर जाऊन ती मी स्वतः उचलून आणली.

एरिकची छोटी होडी, वल्ह्यांसह, मर्व्ह टॅटनेल याला द्यावी. तो माझ्यापेक्षा मोठा आहे. माझ्याआधी गेला तर होडी त्याच्या नातीला द्यावी. आधी जाऊ नये अशी त्याला या कागदाद्वारे सूचना.

कलम ४. बँकेतली शिल्लक जॅनीनला. त्यातून तिने आधी माझ्या अंत्यविधीचा खर्च करावा आणि चर्चच्या बायकांना स्कोन-पावांना लावायला खरे लोणी घेऊन द्यावे. गेल्या तीन अंत्यविधींना मार्गारिन होते. मेलेल्यांना कळत नाही, आम्हाला कळते.

कलम ५. रेडिओ सेट, माइक, हेडफोन आणि शेडमधल्या तारा हुओनच्या हौशी रेडिओ क्लबला द्याव्यात, ज्याच्याकडे सेट नाही अशा कोणा नव्याच्या उपयोगासाठी. एक अट आहे. सेट देण्याआधी माइकची तिन्ही बटणे मध्यावर आणून ठेवावीत. नोलाची आठवण म्हणून माझी पट्टी कोणी जपून ठेवू नये. ती माझ्या घशाची आहे. त्या पट्टीवर दुसरा कोणी बोलला तर पत्र्याच्या डब्यात वाटाणे खुळखुळवल्यासारखे वाटेल.

ज्याला हा सेट मिळेल त्याला एवढेच सांगते: स्वतःचा आवाज स्वतःच्या कानांनी लावू नकोस. आपल्याला आपण नेहमी आतून ऐकू येतो. दूरचा कोणी गाठ. तो तुझ्यावर फार माया करणारा नसला तर उत्तम. त्याला विचार आणि तो सांगेल ते सोस. आणि वय वाढले, दात गेले, आजार झाला, की पुन्हा विचार.

कलम ६. ऑब्री पिअर्स याला मी काहीही देत नाही. याची दोन कारणे आहेत. पहिले, तो सबंध हिवाळा माझ्याशी खोटे बोलला. त्याने ते दुष्टपणे केले नाही, हे मला तेव्हाही कळत होते. मी ऐकत नसताना तो मर्व्हला म्हणाला होता, "तिला कसं सांगू? ती पुन्हा कधी बटणच दाबणार नाही." मर्व्हने ते मला नंतर सांगितले. तरीसुद्धा, कोणी मला आणखी एक हिवाळा तसेच सांभाळून घेतले असते तर मी आज लिफ्टच्या वर बसून खिडकीतून दुसऱ्या खिडक्या पाहत असते. दुसरे कारण असे, की ज्याला काही मिळते तो साक्षीदार होऊ शकत नाही, असे वकीलबाई म्हणतात. ज्या माणसाने माझ्याबद्दल इतका वेळ खोटी साक्ष दिली, त्याने एकदा खरी द्यावी अशी माझी इच्छा आहे.

त्याच्या बायकोकडे माझे जॅमचे मोठे पितळी पातेले आहे. ते जॅनीनने मागून आणावे. तिने दिले नाही तर तिथेच बसून राहावे. ती फार छान चहा करते.

कलम ७. अंत्यविधीला ज्याला बोलायचे असेल त्याने बोलावे. मागच्या मृत्युपत्रातली बंदी उठवली आहे. लांबण लावू नये, पण लावलीच तर कोणी थांबवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी नेहमीच्या वेळेला व्हावी. माझे नाव त्यात घेऊ नये. शांतता पाळून फ्रिक्वेन्सी अडवू नये. लोकांना वारा विचारायचा असतो.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जॅनीनने करावी. ती हे नीट करील. तिच्याबद्दल आणखी काय लिहू ते मला सुचत नाही. बहुतेक ते मी तिला तोंडाने सांगेन, कारण आता सांगता येते.

सह्या होण्यापूर्वीची नोंद. आज दुपारी ऑब्री पिअर्स आणि पोस्टातल्या डेल्मा क्रेस हे दोघे माझ्या स्वयंपाकघरात आले. साक्षीदारांनी मृत्युपत्र वाचायची गरज नसते, नुसती सही पाहायची असते, हे मला माहीत आहे. तरी मी त्यांना सगळे मोठ्याने वाचून दाखवले, पहिल्या ओळीपासून इथपर्यंत, मध्ये पाणी न पिता. डेल्माने नीट ऐकू यावे म्हणून खुर्ची अलीकडे ओढली होती, ती नंतर पुन्हा मागे सरकवली. ऑब्रीने मला एकदाच थांबवले.

"नोला, ते सहावं कलम. तिथे 'खोटे बोलला' आहे, त्याऐवजी 'सांभाळून घेतले' असं नाही का लिहिता येणार?"

"नाही."

"डेल्मासमोर वाचलंस म्हणून म्हणतो."

"म्हणजे नीट ऐकू आलं तर तुला."

ऑब्रीने चष्मा काढून पुसला. "अक्षर न् अक्षर आलं," तो म्हणाला, आणि पेन मागितले.

मृत्युपत्र करणारी: नोला मार्गरेट डायरीन (सही)

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत श्रीमती डायरीन यांनी सही केली व त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार पहिला: ऑब्री जेम्स पिअर्स, डोव्हर (सही)
साक्षीदार दुसरी: डेल्मा रोझ क्रेस, डोव्हर (सही)

ठिकाण: डोव्हर, टास्मानिया
दिनांक: १४ मार्च २०२४